उन्हात राबणाऱ्यांचा पहिला आठवडा

वैशाख लागला की आमच्या विदर्भात दुपारी रस्ते ओस पडतात. ज्यांना शक्य आहे ते कूलरसमोर बसतात. पण स्लॅबचे काम, वीटभट्टी, रस्त्याचे डांबरीकरण, हमाली हे काही थांबत नाही. आज या उन्हात राबणाऱ्यांविषयी आणि त्यांना कामावर लावणाऱ्यांविषयी लिहीत आहे.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मे महिन्यात एका दुपारी विशीतल्या मजुराला रिक्षात घालून माझ्याकडे आणले. स्लॅबवर घमेली वाहण्याचे काम, आणि कामाचा तिसराच दिवस. अकराच्या सुमारास तो असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला. सोबत्यांना वाटले, सकाळीच घेऊन आला असावा. त्यांनी त्याला बाजूला झोपवून ठेवले. दीड तासाने हाक मारली तर ओ देईना. मी पाहिले तेव्हा अंग तव्यासारखे तापलेले होते, ताप १०६ होता आणि दारूचा वासही नव्हता. ताप आहे म्हणून कोणीतरी त्याला चादरीत गुंडाळले होते. आम्ही पाणी ओतले, बर्फ लावला, मोठ्या रुग्णालयात हलवले. दोन दिवसांनी तो गेला. तो दीड तास मी अजून विसरलेलो नाही.

ऊन लागते म्हणजे काय?

आपले शरीर आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. बाहेर ४५ अंश असले की हवाच शरीराला तापवते. त्यात ओझे वाहताना स्नायूही उष्णता निर्माण करतात. ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर वाळतो की किती पाणी गेले ते कळतच नाही. कोकणात उलटे; तिथे दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी तापमानातही त्रास होतो.

सुरुवातीला पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. हा इशारा समजावा. दुर्लक्ष केले तर शरीराचे तापमान ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइट) वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. हा उष्माघात. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, हा समज चुकीचा आहे. राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो. खरी खूण म्हणजे बदललेले वागणे: बरळणे, भांडणे, झोकांड्या जाणे, झटका येणे, शुद्ध हरपणे.

‘होईल सवय’ म्हणू नका

सवय होते हे खरे. रोज थोडे थोडे उन्हात काम केले की घाम लवकर व जास्त येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते. पण याला एक ते दोन आठवडे लागतात. उष्माघाताचे बळी बहुधा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच जातात. गावी लग्नाला जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला किंवा तापातून उठलेला जुना मजूरही नव्यासारखाच समजावा. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात एकपंचमांशच वेळ काम द्यावे व रोज तेवढेच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण काम द्यावे. आपल्याकडे एवढे तरी करता येईल: नव्या माणसाला जड काम सकाळी द्या, दहानंतर सावलीतले द्या.

पाणी, सावली, विसावा

तहान लागण्याची वाट पाहू नये. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. मधूनमधून ताक, पन्हे, आंबील किंवा क्षारसंजीवनी घ्यावी. घरी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). मिठाच्या गोळ्या नकोत. सैल सुती कपडे घालावे, डोक्याला ओला दुपट्टा बांधावा. दारू पूर्ण वर्ज्य. रक्तदाबाच्या, सर्दी-खाजेच्या व मानसिक आजारांच्या काही औषधांनी उन्हाचा त्रास वाढतो. ती स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

खिशातल्या कांद्याबद्दल मला दरवर्षी विचारतात. कांदा भाकरीबरोबर जरूर खा, पण खिशातला कांदा ऊन अडवत नाही.

कामावरच्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. चार बांबू आणि गोणपाट लावून ही सोय होते. तसेच उक्ते काम घेतलेला माणूस आपणहून बसत नाही, बसला की मजुरी बुडते. म्हणून विसावा मुकादमानेच द्यायचा असतो, आणि तो पगारी असावा.

कोणी बरळू लागला तर

सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असल्यास मान, काखा व जांघेत ठेवा. त्याच वेळी १०८ क्रमांकाला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही थंड करणे थांबवू नका. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. पांघरूण तर मुळीच नको.

आपल्या जंगलपट्ट्यातले लोक तेंदूपाने तोडायला पहाटेच निघतात आणि ऊन चढण्याआधी परततात. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. मग आपल्या गावातला स्लॅब पहाटे पाचला सुरू करायला काय हरकत आहे? घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ठेकेदाराशी भाव ठरवतानाच ही वेळही ठरवून घ्यावी. आणि भर उन्हात कोणी झोकांड्या देताना दिसला, तर तो प्यायला आहे असे समजण्याआधी त्याच्या अंगाला हात लावून पाहावा.