नेपती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ढग रिते होत असल्याने इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून जेमतेम ५०-६० किलोमीटर पूर्वेला असलेल्या सिन्नरच्या वाट्याला मात्र त्याचा लहानसा अंशच येतो. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यातील, म्हणजे डोंगराआड राहिल्याने पावसाला मुकणाऱ्या प्रदेशातील, मुरमाड माळरानांना मानवणाऱ्या झुडपांपैकी नेपती हे एक होय. संस्कृतात त्याला करीर आणि राजस्थानात केर म्हणतात. सहारापासून अरबस्तानमार्गे थरपर्यंत ते आढळते, म्हणून नेपती दिसली की जमिनीचे वाळवंट होऊ लागले, असा निष्कर्ष काही जण काढतात. वास्तविक नेपतीला वाळू लागत नाही, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन पुरते.

सर्वांत जुना गैरसमज पानांविषयीचा आहे. वसंतातही करीराला पान फुटत नाही, यात वसंताचा काय दोष, अशा आशयाचा दृष्टान्त भर्तृहरीच्या नीतिशतकात येतो आणि त्यामुळे पर्णहीनता हे जणू या झुडपाचे दुर्दैव ठरले. वस्तुतः कोवळ्या फांद्यांवर बारीक पाने येतात, पण ती लवकरच गळतात. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून झाडाचे पाणी बाष्परूपाने उडून जाते आणि पानेच नसली की हा व्यय पुष्कळच कमी होतो. अन्न तयार करण्याचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचे, काम हिरव्या फांद्या करतात, तर खोल गेलेली मुळे खालची ओल शोधतात. ऐन उन्हाळ्याच्या तोंडी लालबुंद फुलांनी भरणाऱ्या झाडाला अभागी म्हणणे कवीला शोभते, वनस्पतिशास्त्राला नाही. फोर्स्कॉल या निसर्गशास्त्रज्ञाचे वर्णन १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात या वनस्पतीला दिलेल्या ‘डेसिडुआ’ या नावाचा अर्थही पाने गाळणारी असाच आहे. पाने नसणारी असा नव्हे.

परदेशी खाद्यपदार्थांत वापरले जाणारे खारवलेले ‘केपर’ नेपतीचेच, हा समज अर्धवट खरा आहे. दोन्ही वनस्पती कॅपॅरिस याच प्रजातीतील असल्या, तरी केपर म्हणजे कॅपॅरिस स्पिनोसा या वेगळ्या जातीच्या न उमललेल्या कळ्या असतात, तर केर-सांगरी या राजस्थानी भाजीत नेपतीची कच्ची फळे पडतात. आषाढी एकादशीनंतर द्वादशीला ज्या वाघाट्यांची भाजी होते, ती वाघाटीही याच प्रजातीतील. या प्रजातीच्या कुळाचे मोहरीच्या कुळाशी नाते असून दोहोंत तिखट-उग्र चव देणारी गंधकयुक्त द्रव्ये असतात. म्हणूनच नेपतीची फळे ताकात किंवा मिठाच्या पाण्यात काही दिवस मुरवून मगच खाण्याची रीत पडली. कच्ची फळे चावून खाल्ली की सांधेदुखी हटते, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी या रीतीकडे थोडे लक्ष द्यावे.

व्यवहारात सर्वांत नडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे : नेपती म्हणजे वेड्या बाभळीसारखेच माजलेले काटेरी रान. वेडी बाभूळ अमेरिका खंडातून आणलेली आहे, नेपती इथलीच आहे. तिच्या मुळांतून नवे धुमारे फुटून माती धरली जाते, लाकडाला वाळवी सहसा लागत नाही आणि काही फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर वाढतात. दोन्ही ओळखणे अवघड नाही : वेड्या बाभळीला पिसांसारखी संयुक्त पाने आणि लांब शेंगा असतात, नेपतीला जोडीने येणारे आखूड काटे आणि पिकल्यावर लाल होणारी गोल फळे. माळ किंवा बांध साफ करण्यापूर्वी एवढे तपासावे आणि नेपती तेवढी राखावी.