मिठाचा हिवाळा आणि गाडीचा सांगाडा

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांभोवतीचा प्रदेश, म्हणजे मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क ही राज्ये आणि सीमेपलीकडचे ऑन्टॅरिओ व क्वेबेक हे कॅनडाचे प्रांत, वाहनांच्या जगात ‘सॉल्ट बेल्ट’ किंवा मिठाचा पट्टा म्हणून ओळखला जातो. कारण तेथे रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून हिवाळाभर मीठ पसरले जाते. शुद्ध पाणी 0 अंश सेल्सिअसला गोठते, पण त्यात मीठ विरघळले की गोठणबिंदू खाली जातो आणि मिठाचे प्रमाण सुमारे 23 टक्के झाले की तो उणे 21 अंशांपर्यंत पोहोचतो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र साध्या मिठाचा उपयोग साधारण उणे 9 अंशांपर्यंतच होतो. अमेरिकेत या उपायाचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने 1938 मध्ये सुरू केला आणि आज त्या देशात दरवर्षी कोट्यवधी टन मीठ रस्त्यांवर पडते. त्यासाठी लागणारे खनिज मीठ डेट्रॉइट शहराच्या पोटातील आणि ह्युरॉन सरोवराखाली पसरलेल्या गोडरिच येथील खाणींतून निघते. माणसांचे प्राण वाचवणारे हे मीठ गाडीचे लोखंड मात्र खाते, आणि खडकाळ व चिखलाच्या वाटांवर चालणाऱ्या ऑफ-रोड गाड्यांना त्याची झळ सर्वाधिक बसते.

गंज चढण्यासाठी लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढेच पुरेसे असते. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात आणि जवळच्याच दुसऱ्या जागी प्राणवायू ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो, म्हणजे ओल्या पत्र्यावर अगदी लहान विद्युतघटच तयार होतो. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि ही क्रिया कितीतरी जलद होते. शिवाय मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भेदते. अलीकडे रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणेही फवारली जातात. साधे मीठ हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेल्यावर पाणी ओढून ओले होते, पण ही दोन्ही क्षारद्रव्ये सुमारे एकतृतीयांश आर्द्रतेलाही ओली राहतात. त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असतानाही गाडीच्या पोटाखाली गंजण्याचे काम चालूच असते.

ऑफ-रोड गाडीची रचना या क्रियेला फार सोयीची ठरते. अशा बहुतेक गाड्या लॅडर फ्रेमवर, म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे अशा शिडीसारख्या सांगाड्यावर उभ्या असतात आणि या तुळया आतून पोकळ असतात. पाणी निचरून जावे म्हणून त्यांना खालून छिद्रे ठेवलेली असतात, पण चिखलातून जाताना याच छिद्रांतून गाळ आत शिरतो, तेथे घट्ट बसतो आणि मीठमिश्रित ओल महिनोन्महिने धरून ठेवतो. बाहेरचा रंग शाबूत असताना पोलाद आतून पातळ होत जाते. गंजाने व्यापलेली जागा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने एकावर एक जोडलेले पत्रे फाकतात, आणि त्या फटीत पुन्हा पाणी शिरते.

हा धोका केवळ हौशी मंडळींपुरता नाही, हे टोयोटाच्या प्रकरणाने दाखवून दिले. टकोमा, टंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या सांगाड्यांना पुरेसे गंजरोधक संरक्षण नव्हते, असा दावा अमेरिकेत मालकांनी केला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण 2016 मध्ये सुमारे 15 लाख गाड्यांबाबत तडजोड केली, आणि ज्या सांगाड्यांना ठरावीक आकाराची भोके पडली होती ते बदलून देण्याचे तिने स्वीकारले. गाडी दहा-पंधरा वर्षे टिकवायची असेल, तर खर्च आणि श्रम दिसणाऱ्या पत्र्यापेक्षा न दिसणाऱ्या पोकळ्यांवर अधिक व्हायला हवेत, हा या प्रकरणातून निघणारा व्यावहारिक अर्थ आहे.

म्हणूनच तळाला रबरासारखा जाड काळा थर देण्याची लोकप्रिय पद्धत सावधपणे वापरावी लागते. तो थर नव्या, कोरड्या, स्वच्छ पोलादावर दिला तर उपयोगी ठरतो, पण आधीच गंज असलेल्या पृष्ठभागावर दिला तर ओल आतच कोंडते आणि वरून सर्व ठीक दिसत असताना खाली पोलाद सडत राहते. त्याऐवजी न वाळणारे तेलकट लेप अधिक भरवशाचे मानले जातात. त्यांत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून मिळणारा मेणकट पदार्थ, हा विशेष प्रिय आहे. तो पत्र्यावर चिकटून राहतो, बारीक फटींत पाझरतो आणि ओरखडा पडला तरी काही प्रमाणात पुन्हा पसरतो. मात्र तो पाण्याने व घर्षणाने हळूहळू धुऊन निघतो, म्हणून दरवर्षी शरद ऋतूत, पहिले मीठ पडण्याआधी, नवा थर द्यावा लागतो.

या कामाची खरी कसोटी सांगाड्याच्या आत लागते. आधी छिद्रे मोकळी करून आतला गाळ पाण्याच्या धारेने बाहेर काढतात आणि गाडी पूर्ण वाळू देतात; मग लवचीक नळी, जिच्या टोकाच्या तोटीतून फवारा सर्व दिशांना उडतो, ती एका छिद्रातून तुळईत दूरवर सरकवतात आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढतात. पलीकडच्या निचऱ्याच्या छिद्रांतून लेप ठिबकू लागला की तेवढा भाग आतून माखला गेला असे समजायचे. ब्रेकच्या चकत्या व पॅड यांवर थेंबही उडता कामा नये, आणि लेप देताना निचऱ्याची छिद्रे बुजू देऊ नयेत.

हिवाळ्यात तापमान गोठणबिंदूच्या वर गेले की गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे हितकारक असते. अनेक धुलाई केंद्रे पाणी फिरवून पुन्हा वापरतात, त्यामुळे शेवटची धार ताज्या पाण्याची असल्याची खात्री करावी. मिठाने भिजलेली गाडी ऊबदार गॅरेजात ठेवणे मात्र घातक ठरू शकते, कारण थंडीत गोठलेले खारे पाणी तेथे वितळते आणि उष्णतेने गंजण्याची गती वाढते; तिला न धुता बाहेर थंडीत उभी ठेवणे परवडते. गाडीत बसवायच्या ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ यंत्रांवर पैसे घालवू नयेत. जहाज वा जमिनीखालील नळ यांना विद्युतप्रवाहाने संरक्षण मिळते, कारण ते पाण्याने किंवा ओल्या मातीने सतत वेढलेले असतात. हवेत धावणाऱ्या गाडीला तसे वेष्टन नसते.

कोकणच्या किनाऱ्यावर बर्फाचे मीठ नाही, पण समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात आणि उष्ण, दमट हवेत त्यांचे काम अधिक वेगाने चालते. ओल्या वाळूत उतरलेली गाडी त्याच दिवशी तळापासून धुणे म्हणूनच आवश्यक आहे. मिशिगन किंवा ऑन्टॅरिओत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी जुनी गाडी घेताना तिच्या चकचकीत रंगावर विसंबू नये. ती लिफ्टवर चढवून चाकांच्या दांड्या जिथे सांगाड्याला जोडलेल्या असतात त्या भागावर छोट्या हातोडीने ठोकून पाहावे: निरोगी पोलाद खणखणीत वाजते, आतून सडलेले बद्द वाजते आणि कधी कधी तिथेच चेपते. पोलादी ब्रेक-नळ्यांवर खवले दिसत असतील, तर त्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्यांनी बदलाव्यात, कारण गंजलेली नळी नेमकी जोराने ब्रेक दाबल्यावर फुटू शकते. सांगाड्याला भोक पडलेले असल्यास त्यावर कोणताही लेप उपयोगाचा नसतो. सडलेला भाग कापून तेथे नवे पोलाद कुशल वेल्डरकडून जोडून घ्यावे लागते, आणि नुकसान सांगाडाभर पसरले असेल तर ती गाडी घेऊच नये.