वांगाचे डाग आणि केमिकल पील

गालांवर किंवा वरच्या ओठावर तपकिरी डाग दिसू लागले की घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "पोट साफ नसतं, म्हणून वांग येतात." पोटाचा इथे काही दोष नाही. ऊन, आनुवंशिकता, गरोदरपणातले किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे होणारे हार्मोन्सचे बदल ही त्याची खरी कारणं. काढे करून झाले की मग केमिकल पीलचा, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा, विषय निघतो, आणि गैरसमजांची खरी गर्दी तिथे आहे.

जितकी साल निघेल तितका डाग उजळेल, हा त्यातला सर्वांत घातक. ग्लायकोलिक ॲसिड त्वचेच्या वरच्या मृत पेशींमधली पकड सैल करतं आणि रंगद्रव्याने भरलेल्या पेशी लवकर झडतात, एवढंच. रंग तयार करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात आणि तिथेच राहतात. त्वचा भाजली, दाह झाला की त्या उलट जास्त मेलॅनिन बनवू लागतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे फार चटकन होतं, म्हणून वांगासाठी वरवरचंच पील करतात. त्यात कित्येकदा सालपट निघालेलं दिसतही नाही. पैसे वाया गेले असं समजू नका.

बाटलीवरच्या टक्केवारीवरही विसंबू नये. पीएच कमी असेल तर तितक्याच टक्क्यांचं ॲसिड अधिक जहाल ठरतं. दवाखान्यात डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे व्हॅसलिनने झाकून ग्लायकोलिक ॲसिड लावतात. नजर घड्याळावर असते, त्याहून अधिक त्वचेवर. एकसारखी लाली आली की सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणाने ते शमवतात. कुठे पांढुरकं दिसलं तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता, ताबडतोब. सॅलिसिलिक ॲसिडमध्ये मात्र पांढरा थर म्हणजे नुसते उरलेले स्फटिक. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये तोच पांढरेपणा म्हणजे त्वचेतली प्रथिनं गोठली, आणि ती कशानेही पूर्ववत होत नाहीत. हा फरक व्हिडिओ पाहून कळत नाही. ऑनलाइन मागवलेली बाटली घरी चेहऱ्यावर लावू नका, ही कळकळीची विनंती.

लिंबू नैसर्गिक म्हणून निर्धोक, हेही खरं नाही. त्याचा रस लावून उन्हात गेल्यावर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि मागे उरणारे काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात.

एका पीलमध्ये काम होत नाही. साधारण २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने ४ ते ६ वेळा करावं लागतं, त्याआधी काही आठवडे क्रीम लावून त्वचा तयार करावी लागते. मुळात वांगाचा मुख्य उपचार क्रीम आणि रोजचं सनस्क्रीन हाच आहे, पील त्याच्या जोडीला. रंगद्रव्य अंतस्त्वचेत उतरलं असेल तर वरवरचं पील तिथवर पोचत नाही. उपचार थांबवून ऊन लागलं की डाग परतही येतात. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवतं; वांगासाठी ते अधिक उपयोगी.

मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्‌महिने लावलेल्या 'गोरेपणाच्या' क्रीमबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने पातळ झालेल्या त्वचेला साधं पीलही पोळू शकतं.

आणि मानेवरचा जाडसर, मखमली काळेपणा म्हणजे वांग नव्हे. पुष्कळदा त्यामागे इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचं कारण असतं. तिथे पीलच्या आधी रक्तातली साखर तपासायला हवी.