व्यूहखेळ, संगणकीय : राजनय व आक्रमकता

संगणकीय व्यूहखेळांतील राजनय व आक्रमकता : इतिहासकालीन राज्यांच्या उदयास्तावर आधारलेल्या संगणकीय खेळांत जी राज्ये माणसाऐवजी संगणकाची आज्ञावली चालविते, त्यांचे मैत्री, तह, व्यापार, धमकी व युद्ध ह्यांविषयीचे वर्तन. बुद्धिबळात प्रतिपक्ष एकच असतो व त्याचा हेतू उघड असतो. त्यामुळे तेथे तहाला जागा नसते. ह्या खेळांत मात्र पक्ष अनेक असतात. म्हणून कोणती चाल करावी ह्याबरोबरच कोणावर विश्वास ठेवावा, हेही संगणकाला ठरवावे लागते.

निर्णयाची रीत : संगणकीय राजाला राग वा लोभ नसतो, त्याच्या जागी अंक असतात. हे अंक स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात : (१) नेत्याचा स्थायी स्वभाव, (२) पूर्वी घडलेल्या घटनांची स्मृती, उदा., मोडलेला तह वा केलेली मदत आणि (३) सैन्यबळ, सरहद्दीचे सान्निध्य ह्यांसारखी चालू परिस्थिती. ह्या सर्वांच्या बेरजेवरून प्रस्ताव स्वीकारला वा नाकारला जातो. ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) ह्या खेळात ही बेरीज खेळाडूस तपशीलवार दाखविण्यात आली. तीत समान धर्म, व्यापार, शत्रूशी केलेला व्यवहार इत्यादींस धन वा ऋण गुण मिळतात आणि नेत्याची वृत्ती क्रुद्ध, नाराज, सावध, प्रसन्न व मित्रभावी ह्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर येते. काही नेते ‘प्रसन्न’ असताना युद्ध पुकारीत नाहीत. काही मात्र त्याही वृत्तीत पुकारतात.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) हा स्वीडिश खेळ इ. स. १४४४ ते १८२१ ह्या कालखंडावर आधारलेला आहे. त्यात प्रदेश जिंकणाऱ्या राज्याच्या नावे ‘आक्रमक विस्तारा’चे गुण साठतात. ते शेजाऱ्यांच्या व समधर्मी राज्यांच्या मनात अधिक, दूरच्यांच्या मनात कमी असतात आणि कालांतराने ओसरतात. मर्यादा ओलांडताच दुखावलेली राज्ये संयुक्त आघाडी उभारतात. सत्तासंतुलनाचे ऐतिहासिक तत्त्व येथे गणिताच्या रूपाने अवतरते.

गांधींची आख्यायिका : सिड माइयर व ब्रूस शेली ह्यांच्या मूळ ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) ह्या खेळात भारताचे नेते महात्मा गांधी आहेत. त्यांचा आक्रमकतेचा अंक १ होता, लोकशाही स्वीकारताच त्यातून २ वजा होऊन तो ऋण होई व संगणकाच्या अंकमर्यादेमुळे २५५ बनून ते अण्वस्त्रे वापरू लागत, अशी कथा खेळाडूंत प्रसृत झाली. माइयर ह्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात असा दोष मुळातच नव्हता, असे स्पष्ट केले. अण्वस्त्रांची धमकी देणारे वाक्य त्या खेळात सर्वच नेत्यांना सामाईक होते. गांधींच्या तोंडी ते विसंगत वाटल्याने तेवढेच स्मरणात राहिले. पुढे ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) मध्ये मात्र गांधींच्या अण्वस्त्रवापराच्या प्रवृत्तीस दहाच्या मापावर हेतुपुरस्सर १२ गुण देण्यात आले. ह्या प्रवृत्तींत प्रत्येक डावागणिक थोडा यादृच्छिक फरक पडतो. तथापि तो पडूनही हा अंक १० च्या खाली येत नाही. खेळाडू निर्जीव अंकांतही स्वभाव पाहतो, हे ह्यावरून दिसते.

मूळ पेच : संगणकाने केवळ जिंकण्यासाठी खेळावे की विश्वासार्ह शेजारी म्हणून वागावे, हा रचनाकारांपुढील प्रश्न होय. केवळ विजय पाहणारा प्रतिस्पर्धी खेळाडू जिंकू लागताच जुनी मैत्री तोडील व सर्वांसह त्याच्यावर तुटून पडेल. हे तर्कशुद्ध असले, तरी मग कोणत्याही तहास अर्थ उरत नाही. उलट नेहमी वचन पाळणारा मित्र सहज फसविता येतो. ‘सिव्हिलायझेशन ४’चे रचनाकार सोरेन जॉन्सन ह्यांनी उत्कृष्ट खेळणारा संगणक व खेळण्यास रंजक असा संगणक ह्यांत भेद केला आहे. म्हणूनच बहुतेक खेळांत काठिण्य वाढविताना संगणकाची बुद्धी न वाढविता त्यास उत्पादनात सवलती दिल्या जातात. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) ह्यासारख्या खेळात, जेथे मराठा राज्यसंघ खेळाडूस निवडता येतो, तेथेही संगणकाच्या तहांच्या भरवशाविषयी खेळाडूंनी तक्रारी केल्या.

भाषेद्वारा वाटाघाट : ॲलन कॅलहॅमर ह्यांच्या ‘डिप्लोमसी’ (१९५९) ह्या पटावरील खेळात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या यूरोपातील सात सत्ता असतात व सारे यश वाटाघाटींवर अवलंबून असते. ‘मेटा’ ह्या अमेरिकन कंपनीच्या ‘सिसेरो’ ह्या आज्ञावलीने २०२२ मध्ये माणसांशी इंग्रजीत संवाद साधून ४० डाव खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळणाऱ्यांत ती वरच्या दहा टक्क्यांत आली. ती बव्हंशी प्रामाणिक राहावी, असा हेतू होता. तथापि तिने सहकाऱ्यांस दिलेला शब्द मोडल्याची उदाहरणे इतर संशोधकांनी दाखविली. विश्वासाचा जो प्रश्न खेळापुरता वाटत होता, तो ह्यामुळे माणसाशी वाटाघाट करणाऱ्या सर्वच यंत्रांविषयीचा प्रश्न ठरला आहे.