संगणकातील ‘लाखनी’ : अक्षरांमागील अंकांची ओळख

नवे यंत्र आले की त्याच्याभोवती हौशी मंडळी गोळा होतात. एके काळी रेडिओ उघडून त्याचे भाग न्याहाळणारी मुले असत. आज त्यांची जागा भ्रमणध्वनी आणि संगणक यांत रमणाऱ्या तरुणांनी घेतली आहे. बहुतेक गावांत असा एखादा यंत्रवेडा असतो. छपाईयंत्र अडले किंवा संगणक उघडेना, की लोक त्यालाच हाक मारतात. त्याच्या बोलण्यात यंत्राचा वेग, स्मृतीची क्षमता, नवी आज्ञावली असे विषय असतात. हे कुतूहल स्वागतार्हच आहे. परंतु ग्रामपंचायत, शाळा किंवा तहसील कार्यालय यांच्या दृष्टीने यंत्राच्या नवेपणापेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न आहे. आज टंकलिखित केलेला मराठी मजकूर दहा वर्षांनंतर, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या व्यक्तीला वाचता येईल काय आणि हवा तेव्हा शोधून काढता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव उदाहरणादाखल घेता येईल.

नाव एक, अंक पाच

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर भंडारा व साकोली यांच्या दरम्यान लाखनी वसले आहे. ‘लाखनी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाला मात्र अक्षरे कळत नाहीत. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून तो ल, काना, ख, न आणि दीर्घ वेलांटी असे या शब्दाचे पाच घटक करतो व प्रत्येकासाठी एक क्रमांक साठवितो. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीत हे क्रमांक अनुक्रमे २३५४, २३६६, २३२६, २३४४ आणि २३६८ असे आहेत. लाखनीत, मुंबईत किंवा परदेशात, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर हे पाच अंक या क्रमाने आले की त्यांचा अर्थ ‘लाखनी’ असाच होतो.

पडद्यावर दिसणारे अक्षराचे रूप ही निराळी बाब आहे. ते काम अक्षरसंच, म्हणजे फाँट, करतो. मराठी वळणाचा पाकळीदार ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ दिसण्यात भिन्न असले, तरी दोहोंचा क्रमांक एकच आहे. मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप कोणते असावे, याविषयी महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी शासन निर्णय काढला. थोडक्यात, अंक हा अक्षराचा देह होय आणि फाँट हा त्याचा पोशाख. पोशाख बदलला तरी माणूस बदलत नाही.

जुनी अडचण कोठे होती?

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक कार्यालयांत निराळी पद्धत रूढ होती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे काने, मात्रा व अक्षरांचे तुकडे बसविलेले फाँट वापरले जात. कागदावर छपाई उत्तम येई. परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसून रोमन अक्षरांची विस्कळीत रांग असे. तो विशिष्ट फाँट ज्या यंत्रावर नसेल, त्यावर ‘लाखनी’ऐवजी अर्थहीन रोमन चिन्हे उमटत. प्रत्येक फाँटची मांडणीही वेगळी असल्याने एका कार्यालयाची धारिका दुसऱ्या कार्यालयास निरुपयोगी ठरे. ठरावांचे इतिवृत्त, लाभार्थ्यांच्या याद्या किंवा शाळेचे दाखले अशा रीतीने साठविले गेले असतील, तर कागद जीर्ण होताच ती माहितीही हातची जाण्याचा धोका संभवतो.

नाव रोमन लिपीत लिहून ही अडचण सुटत नाही. रोमन लिपीत लाखनी हे गाव आणि लखानी हे आडनाव यांचे स्पेलिंग एकच होऊ शकते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तेथे मावळतो.

तंत्रप्रेमींचे योगदान

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे कार्य कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाले व १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, अर्थात सी-डॅकने, ते पुढे नेले. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाणित केला. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत आणि मांडणी सर्व भारतीय लिप्यांसाठी समान आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मान्य केली. त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली.

अक्षरांच्या रूपाकडे लक्ष देणाऱ्यांत सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांच्या रेखाटनाचा आहे. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेने ‘मुक्त’सारखे फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशा परवान्याने उपलब्ध केले. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया स्वयंसेवकांच्या श्रमावर उभा आहे. यंत्रवेडाचे समाजोपयोगी रूप ते हेच.

अद्याप दक्षता का हवी?

क्रमांक ठरले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन ते अक्षर साधले जाई. दोन्ही दिसावयास सारखे, परंतु संगणकाच्या लेखी भिन्न. ‘ळ’ची गोष्टही अशीच. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’नंतर लगेच, २३५५ या क्रमांकावर आहे. केवळ क्रमांकांनुसार यादी लावल्यास ‘मासे’ या शब्दाआधी ‘माळी’ येतो. मराठीचा क्रम राखण्यासाठी आज्ञावलीत स्वतंत्र नियम द्यावे लागतात.

सर्वांत मोठी दक्षता मात्र टंकलेखन करणाऱ्या माणसाने घ्यावयाची आहे. त्याच जिल्ह्यातील ‘लाखांदूर’ हे नाव एका यादीत दीर्घ उकाराने व दुसरीत ऱ्हस्व उकाराने लिहिले, तर साध्या शोधात संगणक त्यांना दोन गावे समजतो. माणसांच्या नावांचेही तसेच. वेलांटी चुकली म्हणून एखाद्या वृद्धेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज किंवा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ‘नाव जुळत नाही’ या शेऱ्याखाली अडकू शकते. शुद्धलेखन हा केवळ भाषेच्या शिक्षकाचा आग्रह राहिलेला नाही. तो आता नागरिकाच्या हक्काशी निगडित झाला आहे.

करावयाचे काम

या दृष्टीने कार्यालयांनी सर्व नवा मजकूर युनिकोडमध्येच तयार करावा. जुन्या फाँटमधील धारिकांचे परिवर्तक आज्ञावलीद्वारे रूपांतर करून घ्यावे व ते मूळ कागदाशी ताडून पाहावे. कारण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो. गावांची नावे शासकीय यादीतील लेखनानुसारच घ्यावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना इनस्क्रिप्ट कळफलकाची ओळख करून द्यावी; उच्चाराच्या क्रमाने लिहिण्याची ही पद्धत थोड्या सरावाने अंगवळणी पडते. पंचायत सदस्यांनी इतिवृत्ताची संगणकीय प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडते किंवा कसे, याची अधूनमधून खातरजमा करावी.

यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. गावातील यंत्रवेड्या तरुणाचे साहाय्य घेतल्यास त्याच्या हौसेला विधायक वळण मिळेल आणि गावाचे दप्तर पुढील पिढीच्या हाती वाचनीय स्वरूपात जाईल. यंत्रे जुनी होतील व बदलतील. परंतु योग्य अंकांत साठविलेले ‘लाखनी’ हे नाव उद्याच्या यंत्रावरही ‘लाखनी’ असेच वाचले जाईल.