एनएफएल : कारकीर्द किती वर्षांची?

• एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. स्थापना १९२०. आज ३२ संघ, प्रत्येकाच्या यादीत ५३ खेळाडू.

• ड्राफ्ट : संघ दर वर्षी सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. हायस्कूल संपून तीन वर्षे झालेली हवीत. त्यामुळे बहुतेक जण कॉलेज फुटबॉलमधूनच येतात.

• ड्राफ्टमधून आलेल्यांचा पहिला करार चार वर्षांचा. मात्र पूर्ण रकमेची हमी सगळ्यांना नसते. संघ खेळाडूला मध्येच मोकळे करू शकतो. सरासरी कारकीर्द चार वर्षांहून कमी.

• मैदानावरच्या जागेनुसार कारकिर्दीत मोठा फरक. सतत धडका खाणारे रनिंग बॅक लवकर थांबतात, किकर आणि क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंतही टिकतात.

• क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी : २०००च्या ड्राफ्टमध्ये थेट १९९वा, २३ मोसम, सात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले.

• क्वार्टरबॅक आणि किकर जॉर्ज ब्लँडा : २६ मोसम, वयाच्या ४८व्या वर्षापर्यंत मैदानात.