पाटी आपली, गाळा भाड्याचा

आपल्या गटांचे पापड, लोणची, मसाले आता तालुक्याबाहेर जाऊ लागले आहेत. पाकिटावर वेबसाइटचं नाव छापावं, असं बैठकीत निघतं. मग कोणीतरी ओळखीचा म्हणतो, "पैसे द्या, सगळं मी करतो." पैसे देण्याआधी दोन शब्द समजून घेऊ: डोमेन आणि होस्टिंग.

डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, वेबसाइटचं नाव. होस्टिंग म्हणजे गाळा. आपले फोटो, भाव, पत्ता ज्या चोवीस तास चालू असणाऱ्या संगणकावर ठेवतात, तिथली भाड्याची जागा. गाळा पटला नाही तर बदलता येतो. पाटी मात्र आपल्याच ताब्यात हवी.

म्हणून नावाची नोंदणी गटाच्या नावाने आणि गटाच्या ईमेलवर करा. मोबाइल नंबरही गटाकडे राहणारा द्या. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावाने नोंद झाली आणि उद्या तो फोन उचलेनासा झाला, तर छापलेली हजार पाकिटं वाया जातात. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या.

दहा-पंधरा पानांच्या वेबसाइटला शेअर्ड होस्टिंग पुरतं. चाळीतल्या खोल्यांसारख्या एकाच संगणकावर अनेक वेबसाइट राहतात, म्हणून ते स्वस्त पडतं. घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारा.

एक, पहिल्या वर्षानंतर भाडं किती? सुरुवातीला सवलत असते, नूतनीकरणाला दर वाढतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.

दोन, एसएसएल, म्हणजे वेबसाइटचं सुरक्षेचं कुलूप, त्यात आहे का? लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते. त्याचे वेगळे पैसे सांगितले तर कारण विचारा.

तीन, बॅकअप रोज होतो का, आणि तो परत मिळवायला पैसे पडतात का?

चार, अडचण आली तर मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलणारं कोणी आहे का?

नाव कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं. मुदत संपून पैसे भरायचे राहिले, तर पुढे ते दुसरं कोणीही घेऊ शकतं. ती तारीख गटाच्या इतिवृत्तात लिहा आणि महिनाभर आधीच बैठकीत विषय काढा.

आणि फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांकडून ऑर्डर घ्यायच्या असतील, तर व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा मोफत कॅटलॉग आधी वापरून बघा. गरज वाढली की मग गाळा घ्या.